चाचणी, मार्ग क्रमांक चार

बाणेरहून सव्वासातला निघतो आम्ही :
मी, लॅपटॉप, गाडीच्या पोटात बसवलेला कंपनीचा डिजिटल रिसीव्हर
आणि रऊफभाई अत्तार, ज्यांचं काम फक्त गाडी चालवणं.
तरी ते स्वतःचा ट्रान्झिस्टर आणतात,
सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून डॅशबोर्डला बांधतात.
"तुमचं तुम्ही मोजा," म्हणतात, "माझं मी."

केंद्र एकच, निवेदिका एकच,
पण आधी बोलतो त्यांचा ट्रान्झिस्टर,
आणि माझा रिसीव्हर, पुसलेल्या काचेसारखा लख्ख,
मागाहून तेच सांगतो.
गुलटेकडीत कांद्याची आवक.
गुलटेकडीत कांद्याची आवक.
मेथी, शेकडा जुडी.
मेथी, शेकडा जुडी.
कुणी पाढे म्हणवून घेतंय जणू.

मी समजावलं : आवाजाचे आकडे करायचे,
आकड्यांच्या गड्ड्या बांधायच्या,
वाटेत एखादी गहाळ झाली तर भागावं म्हणून थोडा जास्तीचा ऐवज घालायचा,
इकडे आल्यावर सोडवून पुन्हा आवाज.
वेळ लागतो.
"म्हणजे मनीऑर्डर," रऊफभाई म्हणाले.
"नोटा तिकडंच राहतात. इकडं दुसऱ्या मिळतात."

दांडेकर पुलाच्या सिग्नलला त्यांनी विचारलं,
बाकीच्या मुलखांत काय करतात?
नॉर्वेनं देशभरच्या वाहिन्यांचं एफएम बंद केलं,
उत्तरेकडून सुरुवात करून, एकेक प्रांत,
निजानीज करताना एकेका खोलीतला दिवा मालवावा तसं.
स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओनंही मालवलं,
मग श्रोते मोजले, आणि बसले डोकं खाजवत.
ब्रिटनमध्ये बंद करायची बोलणी किती वर्षं चाललीत,
मुहूर्त काही निघत नाही.
"आणि आपण?"
आपलं दोन्ही चालू.
लाखो नव्या गाड्यांत हा रिसीव्हर कंपनीनंच बसवून दिलाय,
मालकाला पत्ता नाही, तो ब्लूटूथला फोन जोडतो.
"दारात विहीर," रऊफभाईंनी गिअर टाकला,
"आणि टँकरची वाट."

बालाजीनगरला विजेच्या तारांखाली
ट्रान्झिस्टर कण्हला, दात दुखल्यासारखा.
माझा रिसीव्हर हूं की चूं नाही.
मी नोंद केली : उत्तम.
खरं सांगायचं तर थोडी ऐट आली होती मला.

कात्रजला वळसा घालून हायवे धरला, नवा बोगदा.
श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम लागला होता.
आठ वाजून सात मिनिटं, बावीस सेकंद :
माझा रिसीव्हर गेला.
खरखर नाही, लडखडणं नाही,
बोलता बोलता तोंडावर हात ठेवावा तसा.
रकान्यात शून्य.
ट्रान्झिस्टर मात्र लांब लांब जात राहिला,
पिठाच्या गिरणीपलीकडून कुणी हाक मारत असावं तसा,
... पेठेतून ... बुन्निसा अत्तार ...
... लिहितात की ... यांच्या ... चाळीस वर्षं ...
मग नुसतं पीठ.

रऊफभाईंनी वेग कमी केला.
मागून ट्रकनं हॉर्न दिला, दोनदा.
बाहेर उन्हात आलो तेव्हा दोन्ही आवाज परत आले,
आधी त्यांचा, मग माझा,
भोरच्या कुणा शिक्षकाचं पत्र वाचत होते.
ते काही बोलले नाहीत. मीही नाही.
वळवा म्हटलं असतं तर वळवली असती त्यांनी,
पण वळून काय मिळणार होतं?

अहवालात दोनच पर्याय आहेत,
उकल झाली, उकल झाली नाही.
शेऱ्यात मी टाइप केलं, "बोगद्यात निम्मं कळलं,"
आणि कुठल्या यंत्राबद्दल, ते लिहायचं राहून गेलं.

खेड शिवापूरला चहा.
रऊफभाई टपरीच्या मागे जाऊन फोनवर बोलत होते,
एक कान बोटानं बंद करून.
"अगं ऐकलं. हो.
सगळं ऐकलं."
बिस्किटाचा पुडा तसाच हातात.

मग पट्टी घट्ट केली, किल्ली फिरवली.
मार्ग क्रमांक चार, परतीचा.